चित्रांचा अन्वय आणि विशेषनाम : मिसूरी छायाचित्र-कार्यशाळेची पद्धती

नियतकालिकांसाठी छायाचित्रे घेण्याचे शिक्षण म्हणजे कॅमेरा हाताळण्याचे शिक्षण, असा समज रूढ आहे. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठात क्लिफ्टन इडम यांनी १९४९ साली सुरू केलेली कार्यशाळा या समजाला प्रत्यक्ष कृतीने उत्तर देते. राज्यातील एखादे लहान गाव निवडावयाचे, आठवडाभर तेथे राहावयाचे व तेथील एखाद्या माणसाची कथा चित्रांतून सांगावयाची, असे तिचे स्वरूप आहे. तथापि आधी विषयाचा शोध घ्यावयाचा, तो मार्गदर्शकांपुढे मांडावयाचा आणि त्यांची संमती मिळाल्यावरच चित्रे घ्यावयाची, असा तेथील नियम आहे. डिजिटल कॅमेरा आल्यावरही चित्रांची संख्या ४०० पर्यंत मर्यादित ठेवण्याचा व घेतलेले चित्र न पुसण्याचा दंडक तेथे घातला गेला.

या निर्बंधांचे मर्म भाषेच्या दृष्टान्ताने स्पष्ट होईल. सुटे चित्र हे पदासारखे असते. पदांची रास म्हणजे वाक्य नव्हे. थकलेल्या चेहऱ्यानंतर रिकामी खुर्ची दाखविली तर एक अर्थ निघतो, क्रम बदलला तर दुसरा. संख्येची मर्यादा असली म्हणजे प्रत्येक चित्र मालिकेत कोणते कार्य करणार, याचा विचार विद्यार्थ्यास कळ दाबण्यापूर्वीच करावा लागतो.

परंतु येथेच एक गंभीर आक्षेप उद्भवतो. वाक्य आधीच ठरले, तर माणूस त्यातील रिकामी जागा भरण्यापुरताच उरतो. प्रारंभीच्या मार्गदर्शकांपैकी रॉय स्ट्रायकर हे १९३५ पासून अमेरिकी शासनाच्या ग्रामीण छायाचित्रणाचे प्रमुख होते. काय टिपावे याच्या याद्या ते छायाचित्रकारांना पाठवीत व नापसंत निगेटिव्हना भोके पाडवीत. याच विभागासाठी डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे एका स्थलांतरित मजूर मातेचे सुप्रसिद्ध चित्र घेतले. तिचे नाव आपण विचारले नाही, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. चित्राखालील ओळीत दारिद्र्य आले, वय आले, मुलांची संख्या आली. नाव मात्र आले नाही. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर विशेषनामाचे सामान्यनाम झाले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांपुढे आले ते ४२ वर्षांनी, १९७८ साली. आणि त्या वेळी या बाईंनी त्या चित्राविषयी नाराजीच व्यक्त केली.

या दोषावरचा उपाय कार्यशाळेच्या अखेरच्या अंगात आहे. आठवडा संपताच चित्रे त्याच गावात मांडली जातात. ज्याचे चित्र घेतले तो आणि त्याचे शेजारी हेच तिचे पहिले वाचक ठरतात. त्यांच्यासमोर सामान्यनामाने भागत नाही. मार्गदर्शकांची संमती कथेचा बांधेसूदपणा तपासते, तर गावाची नजर तिचा खरेपणा तपासते. या दोन कसोट्यांत दुसरी अधिक मोलाची होय. अशा कार्यशाळांचे अनुकरण करताना पहिली उचलणे सोपे असते. दुसरी सोडून दिली, तर शिकविले जाते ते केवळ सफाईदार वाक्य.