कपाटें हलतात, पोथीचा पत्ता हरवतो

सार्वजनिक ग्रंथालयाची अंतर्रचना हा केवळ सुताराचा विषय नव्हे. पुण्यांत १८४८ सालीं नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, त्या काळच्या ग्रंथालयांत पुस्तकें बहुधा कुलुपबंद कपाटांत असत. यादींतील क्रमांक विषयाचा नसे, जागेचा असे: अमुक कपाट, अमुक खण, अमुक अंक. पुढें विषयवार वर्गीकरण आलें. १९३१ सालीं रंगनाथन यांनीं आपलीं पांच सूत्रें प्रसिद्ध करून वाचकास फळ्यांपाशीं मुक्त प्रवेश देण्याचा पुरस्कार केला. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानें शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्याच्या गांवींही सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली. अलीकडे अभ्यासिकेकरितां जागा काढतांना जुनीं कपाटें प्रथम हलतात.

वाचकाच्या सोयीसाठीं हा बदल इष्टच आहे. आमचा आक्षेप त्याच्या रीतीवर आहे. जुना क्रमांक पुसला कीं त्यावर विसंबलेली प्रत्येक तळटीप आंधळी होते. एकाच घराण्याचे कागद विषयवार विखुरले कीं त्यांचा परस्परसंबंध तुटतो. आणि पुष्कळदां मितीहीन पत्राचा काळ शेजारच्या कागदावरूनच ठरतो.

म्हणून शिरूर व दौंड येथील चालकांस आमची विनंती इतकीच: मांडणी खुशाल बदलावी, परंतु जुन्या-नव्या क्रमांकांचें कोष्टक करावें, एका घरचें दप्तर एकाच रुमालांत ठेवावें, आणि जुनी यादी रद्दींत घालूं नये. कपाट पुन्हां करतां येतें. तुटलेला संबंध पुन्हां जुळवितां येत नाहीं.