हाताशी असणे आणि काळजी : पिंपरी-चिंचवड औद्योगिक परिसरातून हायडेगरच्या ग्रंथाचे वाचन

प्रस्तावना

मार्टिन हायडेगरचा ‘झाइन उंट त्साइट’ हा ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत त्याचे नाव ‘असणे आणि काळ’ असे करता येईल. दुर्बोधतेबद्दल इतकी ख्याती विसाव्या शतकातील फार थोड्या तत्त्वज्ञानग्रंथांना लाभली आहे. क्रमांक दिलेल्या ८३ परिच्छेदांचा हा ग्रंथ मुळात अपूर्ण आहे. योजना दोन भागांची व प्रत्येक भागात तीन खंडांची होती. प्रत्यक्षात पहिल्या भागातील दोनच खंड प्रकाशित झाले. अस्तित्ववादाचा पायाभूत ग्रंथ म्हणून तो शिकवला जातो. मात्र १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवतावादाविषयीच्या पत्रात हायडेगरने सार्त्रच्या अस्तित्ववादापासून आपला विचार स्पष्टपणे वेगळा केला होता.

मराठीत अस्तित्ववादाची चर्चा झाली ती मुख्यतः साहित्यसमीक्षेच्या अंगाने. ‘कोसला’ (१९६३) व त्यानंतरच्या कादंबरीविषयी लिहिताना ही संज्ञा वारंवार वापरली गेली. परिणामी अस्तित्ववाद म्हणजे एकाकीपण, वैफल्य आणि निरर्थकता असे समीकरण रूढ झाले. हे समीकरण मनात ठेवून हायडेगरचा ग्रंथ उघडणारा वाचक गोंधळात पडतो. कारण तेथे प्रारंभीच्या विश्लेषणात वैफल्य नाही. हातोडी आहे, खिळा आहे, कार्यशाळा आहे, आणि मोटारीचा दिशादर्शक बाणसुद्धा आहे. ज्या परिसरात हातोडी आणि मोटार या दोन्ही वस्तू लोकांच्या पोटापाण्याशी जोडलेल्या आहेत, तेथे हा ग्रंथ कसा वाचला जाईल, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो. ग्रंथाची कोणती दुर्बोधता दूर करता येते आणि कोणती दूर करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दांची अडचण

मराठी वाचक या ग्रंथाकडे बहुधा मॅक्वारी व रॉबिन्सन यांच्या १९६२ च्या इंग्रजी भाषांतरातून जातो. त्या इंग्रजीला पुन्हा संस्कृतप्रचुर प्रतिशब्द शोधले जातात आणि मूळ जर्मन शब्दातील घरगुतीपणा दोनदा हरवतो. ‘झाइन’ हे जर्मनमधील साधे क्रियापद नाम म्हणून वापरलेले आहे. त्यासाठी ‘सत्ता’ हा शब्द घेतल्यास आजच्या कानाला राज्यसत्ता ऐकू येते. ‘सत्’ म्हटल्यास वेदान्तातील अविकारी तत्त्व डोळ्यांसमोर येते. हायडेगरचा सारा रोख तर असण्याला काळाच्या कक्षेत समजून घेण्याकडे आहे. ‘असणे’ हे मराठी रूप मात्र जर्मन रूपासारखेच क्रियापदही आहे व नामही. ‘असण्याचा’, ‘असण्यात’ अशी त्याची रूपे कोणत्याही ओढाताणीशिवाय होतात.

मराठीपाशी आणखी एक सोय आहे. ‘पाणी गरम आहे’ आणि ‘पाणी गरम असते’ या दोन वाक्यांत मराठी भाषक नकळत भेद करतो. पहिले वाक्य समोरच्या स्थितीविषयी आहे, दुसरे एरवीच्या रीतीविषयी. माणूस ‘प्रथमतः आणि बहुतांशी’ कसा असतो, याला हायडेगर दैनंदिनता म्हणतो आणि तेथूनच विश्लेषणाला आरंभ करतो. ‘कामगार थकलेला आहे’ ही नोंद झाली. ‘कामगार थकलेला असतो’ या वाक्यात एका जगण्याची रीत सांगितली जाते. हायडेगरला अभिप्रेत असलेला विषय हा दुसऱ्या वाक्याचा आहे.

‘त्सूहांडन’ या संज्ञेबाबत तर मराठीला काहीच घडवावे लागत नाही. वापरात असलेली वस्तू ‘हाताशी’ असते. तिच्याकडे निरखून पाहिले की ती नुसती ‘समोर’ असते. स्कूटरचे उदाहरण घेता येईल. जुनी बजाज स्कूटर सुरू करण्यापूर्वी ती एका अंगाला कलती करण्याची सवय महाराष्ट्रातील असंख्य घरांत होती. कलती करणाऱ्याच्या मनात त्या वेळी स्कूटरचा विचार नसे. ऑफिसची वेळ असे. स्कूटर हाताशी होती म्हणूनच नजरेआड होती. हायडेगरचे म्हणणे नेमके हेच आहे.

तिसरा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. मानवी असण्याची समग्र रचना हायडेगर ‘झोर्ग’ या एका शब्दात सांगतो. यासाठी ‘चिंता’ हा शब्द अपुरा पडतो. मराठीत काळजी ‘वाटते’, काळजी ‘करतात’ आणि काळजी ‘घेतात’. मनाला लागणारा घोर व दुसऱ्यासाठी केलेली देखभाल हे दोन्ही अर्थ या एका शब्दात नांदतात आणि जर्मन शब्दातही तेच दोन अर्थ आहेत. ग्रंथाच्या ४२ व्या परिच्छेदात हायडेगरने एक लॅटिन कथा दिली आहे. ‘काळजी’ या देवतेने मातीपासून माणूस घडवला. ज्युपिटरने त्यात चैतन्य घातले. पृथ्वीने देह दिला. माणूस कोणाचा, या वादात निवाडा करणारा सॅटर्न म्हणजे काळ होता. त्याने ठरवले की, जिवंत असेतो माणूस काळजीच्या ताब्यात राहील. ‘काळजी’त ‘काळ’ ऐकू येतो हा मात्र निव्वळ ध्वनीचा योगायोग आहे. अशा शब्दसाम्यांवर मोठा भार टाकण्याचा मोह हायडेगरला अनेकदा झाला. मराठी वाचकाने तो टाळणे इष्ट.

हातोडी, मोटार आणि लाइन

येथवरची दुर्बोधता भाषांतराची होती आणि ती दूर करता येते. यापुढची अडचण वेगळी आहे. हायडेगरच्या मते कोणतेही साधन एकटे नसते. हातोडी ठोकण्यासाठी, ठोकणे घट्ट बसवण्यासाठी, घट्ट बसवणे निवाऱ्यासाठी आणि निवारा शेवटी माणसाच्या असण्यासाठी. ‘कशासाठी’ची ही साखळी माणसापाशी येऊन थांबते आणि या संदर्भजालालाच तो ‘जग’ म्हणतो.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्यानंतरच्या दशकांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी असा औद्योगिक पट्टा उभा राहिला आणि पुढे तो चाकणपर्यंत पोहोचला. भोसरीतील लहान वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणाऱ्या कारागिराला हायडेगरची साखळी बरीचशी ओळखीची वाटेल. टूलची धार गेली हे त्याला आवाजावरून कळते. तयार होणारा भाग कोठे बसणार, याची त्याला कल्पना असते.

चाकणच्या असेंब्ली लाइनवर हे चित्र बदलते. ठरलेल्या सेकंदांत ठरलेले बोल्ट ठरलेल्या दाबाने आवळायचे आणि पुढची गाडी येण्यापूर्वी हात मोकळे करायचे. येथे ‘कशासाठी’च्या साखळ्या दोन होतात. बोल्ट आसनासाठी, आसन गाडीसाठी, गाडी दूरच्या कोण्या ग्राहकासाठी, ही एक साखळी. पगार खोलीच्या भाड्यासाठी, मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या घरासाठी, धाकट्या भावंडाच्या शिक्षणासाठी, ही दुसरी. दोन्ही साखळ्या एकाच हातातून जातात, पण एकमेकींना भेटत नाहीत. हायडेगरच्या वर्णनात त्या भेटतात, कारण त्याची कार्यशाळा कारागिराची आहे.

हायडेगरला मोटार अपरिचित होती असे नाही. सतराव्या परिच्छेदात चिन्हाचे उदाहरण म्हणून त्याने मोटारीला बसवलेला, वळण्याची दिशा दाखवणारा लाल बाण घेतला आहे. हा बाण चालकाइतकाच रस्त्यावरच्या इतरांसाठीही साधन असतो, हे त्याचे निरीक्षण मार्मिक आहे. परंतु ग्रंथात हातोडी दिसते ती काम करणाऱ्याच्या बाजूने आणि मोटार दिसते ती रस्त्याच्या बाजूने. मोटार जेथे तयार होते ती जागा ग्रंथात नाही. चाकणमधून पाहणाऱ्या वाचकाला ही उणीव चटकन जाणवेल. तिची काहीशी कबुली पुढे हायडेगरनेच दिली, असे म्हणता येते. मानवतावादाविषयीच्या पत्रात, मार्क्सने परात्मतेच्या अनुभवातून इतिहासाच्या मर्माला हात घातला, हे त्याने मान्य केले आहे. १९५३ च्या तंत्रज्ञानविषयक व्याख्यानात सर्व वस्तू ‘साठा’ म्हणून पाहण्याच्या वृत्तीची चिकित्सा करताना माणसालाही संसाधन म्हणण्याच्या प्रचाराचा त्याने उल्लेख केला. ‘मनुष्यबळ’ हा शब्द कारखान्यांत आणि महाविद्यालयांतही सहजपणे वापरणाऱ्यांनी हा उल्लेख लक्षात घ्यावा.

मोडलेले यंत्र आणि पुजलेले यंत्र

साधन मोडले, हरवले किंवा कामाच्या आड आले की ते लक्षात येते आणि त्याच क्षणी त्याभोवतीचे जगही उजळून निघते, असे सोळाव्या परिच्छेदात म्हटले आहे. वर्कशॉपमध्ये याचा प्रत्यय येतो. लाइनवर मात्र यंत्र बंद पडले की ते दुरुस्त करण्यासाठी वेगळा विभाग धावतो. चालक बाजूला उभा राहतो आणि त्याच्यापुढे जग उजळण्याऐवजी वाया गेलेल्या मिनिटांचा हिशेब उभा राहतो. बिघाडातून काय प्रकट होते, हे बिघाडाशी कोणाचे कोणते नाते आहे यावर अवलंबून असते, ही दुरुस्ती हायडेगरच्या विश्लेषणात करावी लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट या परिसराच्या रीतीतच आहे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला यंत्रे पुसून स्वच्छ केली जातात, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातात, समोर नारळ फुटतो. त्या वेळी यंत्र हाताशी नसते, कारण ते बंद असते. ते मोडलेले नसते, हरवलेले नसते, आडही आलेले नसते. केवळ निरीक्षणाची वस्तू म्हणूनही ते समोर नसते. चालू स्थितीतील यंत्र मुद्दाम थांबवून त्याच्याकडे पाहण्याचा हा प्रकार हायडेगरच्या तीन प्रकारांत बसत नाही. मराठीत मुलाची काळजी घेतात तशी मशीनचीही काळजी घेतात. हायडेगरने मात्र वस्तूंविषयीची काळजी आणि माणसांविषयीची काळजी यांना दोन वेगळ्या संज्ञा दिल्या. पूजेचा हा प्रकार त्या विभागणीला प्रश्न विचारतो. अर्थात त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ज्या दिवशी यंत्राला हार पडतो, त्या दिवशी ते चालवणारा कंत्राटी कामगार पुढच्या दसऱ्यापर्यंत कामावर असेल की नाही, हे माळेवरून कळत नाही.

आकुर्डीतील उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथील बजाजच्या कारखान्यातील उत्पादन २००७ मध्ये थांबले. पुढे विजेवर चालणारी स्कूटर ‘चेतक’ या जुन्याच नावाने बाजारात आली. ग्रंथाच्या ७३ व्या परिच्छेदात हायडेगर विचारतो की, संग्रहालयातील वस्तू आजही समोर असताना तिला भूतकालीन का म्हणायचे? त्याचे उत्तर असे की, वस्तू उरते; ज्या जगात ती हाताशी होती ते जग सरलेले असते. नाव परत आले तरी स्कूटर कलती करणारा हात आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबणारे घर परत येत नाही.

चारचौघे

हायडेगरच्या ‘दास मान’ या संकल्पनेसाठी ‘चारचौघे’ हा शब्द समर्पक वाटतो. चारचौघे म्हणजे कोणी ठरावीक चार माणसे नव्हेत; तरीही चारचौघांसारखे वागावे लागते. या अनामिक सत्तेचे विश्लेषण ग्रंथात प्रभावी आहे, पण त्यात सामान्यजनांविषयीचा तुच्छभावही डोकावतो. १९३३ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर झालेला व त्याच वर्षी नाझी पक्षात गेलेला हायडेगर आणि २०१४ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या त्याच्या ‘काळ्या वह्यां’तील ज्यूविरोधी मजकूर विसरून हे पान वाचता येणार नाही. चारचौघांपासून सुटका म्हणजे विवेक, असे समीकरण स्वतः ग्रंथकर्त्याच्या आयुष्यातच खोटे ठरले.

येथे या परिसराचा दुसरा वारसा आठवतो. चाकण औद्योगिक क्षेत्रालगतच्या भामचंद्र डोंगरावर तुकारामांनी एकांतात साधना केली, असे परंपरा मानते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांनी पत्नी व मुलगा गमावला होता. मरणाचे भान आणि एकांत या दोन्ही गोष्टी हायडेगरच्या मांडणीशी जुळणाऱ्या दिसतात. पण तुकाराम डोंगरावरून देहूला परतले आणि कीर्तनात उभे राहिले. लोक हे त्यांच्या टीकेचे लक्ष्य होते आणि श्रोतेही. तुकारामांना अस्तित्ववादी ठरवण्याची गरज नाही. हायडेगरच्या विचारात परतीची वाट अंधूक आहे, एवढे या तुलनेतून लक्षात आले तरी पुरे.

समारोप

सव्विसाव्या परिच्छेदात हायडेगरने दुसऱ्याची काळजी घेण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एका प्रकारात आपण दुसऱ्याच्या जागी उडी घेतो, त्याचे काम स्वतः करून टाकतो आणि तो परावलंबी होतो. दुसऱ्या प्रकारात आपण त्याच्या पुढे जातो, पण त्याची काळजी हिरावून घेत नाही. ती त्याची त्याला परत देतो. तत्त्वज्ञानाच्या अध्यापनाला याहून नेमके वर्णन मिळणे कठीण आहे. दुर्बोध ग्रंथाचे सुलभ सार, तयार टिपणे आणि संभाव्य प्रश्नोत्तरे ही पहिल्या प्रकारची काळजी होय. या पट्ट्यात पाळी संपवून वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला ती सोयीची वाटते आणि शिक्षकालाही. परंतु सारात ग्रंथ उरत नाही, आणि पंधराव्या-सोळाव्या परिच्छेदांविषयी त्या विद्यार्थ्यापाशी सांगण्यासारखे जे होते, तेही ऐकायचे राहून जाते.

म्हणून अडचणींतला भेद ओळखणे हे शिक्षकाचे काम ठरते. ‘हाताशी’, ‘काळजी’, ‘चारचौघे’ या शब्दांनी जी अडचण दूर होते ती निःसंकोच दूर करावी. लाइनवर दोन साखळ्या एकमेकींना का भेटत नाहीत, ही अडचण मात्र दूर करू नये. ती विद्यार्थ्याच्या हाती सोपवावी. ती भाषांतराची नाही. हायडेगरलाही तिचे उत्तर या ग्रंथात देता आलेले नाही, आणि ते शोधण्यासाठी लागणारा अनुभव वर्गातील मागच्या बाकावर, रात्रपाळी करून आलेल्या कोणापाशी तरी असण्याची शक्यता अधिक आहे.