टेलिफोनची दोन वर्णनं

टेलिफोन म्हणजे काय? या एका प्रश्नाला ‘टेलर’ नावाचा प्रोग्रॅम माणूस बघून उत्तर द्यायचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सेसिल पॅरिस यांनी पीएच.डी.साठी तो रचला, प्रबंध १९८७चा. आजच्या गप्पिष्ट चॅटबॉटपुढे तो अगदीच मितभाषी, पण त्याची उत्तरं सावकाश वाचण्यासारखी आहेत.

जाणकाराला टेलर भाग सांगतो. बोलायचा भाग, ऐकायचा भाग, दोन्ही जोडणारी तार; मग कशात काय बसवलंय ते. वाचायला रूक्ष, पण जाणकाराचं तेवढ्यावर भागतं. हे भाग एकमेकांशी काय करतात, ते तो मनातल्या मनात भरून घेतो.

नवख्याला मात्र घडतं काय, ते सांगायचं. माणूस बोलतो, ध्वनिलहरी पातळ पडद्यावर आदळतात, पडदा थरथरतो, त्या थरथरीबरोबर वीजप्रवाह कमी-जास्त होतो, तो तारेतून पलीकडे पोचतो, तिथला पडदा तसाच थरथरतो आणि आवाज उमटतो. भाग इथेही आहेतच, पण प्रत्येक जण कामाला लागल्यावरच पुढे येतो. पडद्याचं नाव निघतं ते त्याच्यावर आवाज आदळतो तेव्हा, त्याआधी नाही. एका क्रियापदाचा धक्का पुढच्याला लागतो. मधलं एकही गाळून चालत नाही.

ही युक्ती पॅरिसबाईंना सुचली ती ज्ञानकोश वाचताना. प्रौढांचे कोश आणि मुलांचे कोश त्यांनी शेजारी ठेवून तपासले. मुलांच्या कोशात तीच माहिती जरा कमी आणि सोप्या शब्दांत असेल, असं कुणालाही वाटेल. त्यांना दिसलं की माहितीची जातच वेगळी आहे: मोठ्यांसाठी रचना, मुलांसाठी क्रिया.

खरी दाद द्यावी ती अर्धवट जाणकाराच्या उत्तराला. (आपण बहुतेक जण त्यातलेच.) समजा, त्याला मायक्रोफोन ठाऊक आहे, पण ऐकायच्या भागाचा पत्ता नाही. टेलर भाग सांगत निघतो, मायक्रोफोनचं नुसतं नाव घेऊन पुढे सरकतो आणि अनोळखी भागापाशी थांबून तो कसा चालतो ते सांगू लागतो. एकाच परिच्छेदात चाल बदलते. ‘नवखा’ किंवा ‘तज्ज्ञ’ असा सरसकट शिक्का कुणावर बसत नाही. नेमकं काय ठाऊक आहे, एवढंच पाहिलं जातं.

अर्थात, समोरच्याला काय येतं ते टेलरला आधी पुरवावं लागे. आजचा चॅटबॉट ते बोलण्यावरून ताडू शकतो. पण त्याला ‘सोपं करून सांग’ म्हटलं, की पुष्कळदा तीच यादी आखूड वाक्यांत येते, वर एखादी उपमा आणि भरपूर शाबासकी. या एका बाबतीत जुना टेलर मला आजही सरस वाटतो.