अध्याहाराची मर्यादा: रॅटपॅकच्या पहिल्या पाठाविषयी

रॅटपॅक हे जावा व ग्रूव्ही ह्या भाषांसाठी रचलेले, मोजक्याच सामग्रीचे वेब फ्रेमवर्क होय. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ साली निघाली. नवशिक्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या त्याच्या पहिल्या नमुन्याची भाषिक परीक्षा करणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

ग्रूव्हीतील नमुना अत्यंत आटोपशीर आहे. 'रॅटपॅक' ह्या शब्दापुढे महिरपी कंस, त्यात 'हँडलर्स', त्यात 'गेट' आणि सर्वांत आत 'रेंडर' व अभिवादनाचे दोन शब्द. एवढ्यावर सर्व्हर उभा राहून ५०५० क्रमांकाच्या पोर्टवर उत्तर देऊ लागतो. मात्र 'रेंडर' ह्या क्रियेचा कर्ता कोठेच उच्चारलेला नाही. हाच नमुना जावात लिहिताना 'कॉन्टेक्स्ट' ही वस्तू नावानिशी घ्यावी लागते आणि 'रेंडर' तिला जोडावे लागते. ग्रूव्हीत हा कर्ता कंसाला नेमून दिलेल्या 'डेलिगेट' वस्तूच्या रूपाने अध्याहृत असतो.

मराठीतही कर्ता गाळता येतो. 'जातेस' म्हटले की कर्ता 'तू' आहे आणि ती स्त्री आहे, हे प्रत्ययावरून कळते. ग्रूव्हीच्या क्रियापदाला असा प्रत्यय नाही. 'गेट'चा कर्ता निराळा व 'रेंडर'चा निराळा, हे केवळ कंसांच्या स्थानावरून ओळखावयाचे असते. तरीही जावाचे रूप शेजारी ठेवले की गाळलेले पद भरून काढता येते. हा अध्याहार म्हणूनच निर्दोष मानावयास हरकत नाही.

आमचा आक्षेप दुसऱ्या लोपाविषयी आहे. रॅटपॅक नेट्टी ह्या लायब्ररीवर उभे असून थोड्याच थ्रेडांवर अनेक विनंत्या हाताळते. हँडलरमध्ये डेटाबेसची संथ विचारणा सरळ लिहिली, तर तो थ्रेड अडून राहतो व इतर विनंत्याही खोळंबतात. असे काम 'ब्लॉकिंग' ह्या सोयीकडे सोपवून त्याचे फल 'प्रॉमिस'रूपाने स्वीकारावे, असा येथील दंडक आहे. पहिल्या नमुन्यात ह्याची एकही खूण नाही. व्याकरणदृष्ट्या शुद्ध वाक्य लिहूनही नवशिका हा दंडक मोडू शकतो, आणि एकट्याने करून पाहताना तो दोष त्याच्या ध्यानातही येत नाही.

पुस्तिकेत ह्या विषयास पुढे स्वतंत्र प्रकरण दिले आहे, हे खरे. परंतु सूत्रकाराने भाष्यावर तेवढेच सोपवावे, जे सूत्रातील शब्दांवरून शोधता येते. जे संदर्भावरून भरून काढता येत नाही, त्याचा लोप म्हणजे लाघव नव्हे. ती न्यूनता होय. पहिल्या पाठात 'ब्लॉकिंग'चा एक नमुना घातल्यास चार ओळी वाढतील, पण नवशिक्याची भाषाच नव्हे, तर आचारही शुद्ध होईल.