दगडूशी कोण बोलणार?

सध्या आपल्या पोरांच्या हातात एका जातीची पुस्तकं फार दिसतात. रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी यशस्वी आहे, मी श्रीमंत आहे. मोबाईलवरही हेच ऐकू येतं. ह्या मंत्राचा जुना उस्ताद एमिल कुए, फ्रान्सातला औषधविक्या. मी दिवसेंदिवस सुधारतोय असं रोज घोका, असं त्यानं शंभर वर्षांपूर्वीच लोकांना सांगितलं होतं. सूतगिरणीत पाळी करणाऱ्या माझ्यासारख्याला प्रश्न पडतो, नुसतं घोकून माणूस बदलतो काय?

स्वतःशी बोलण्यानं माणूस घडतो, हे मला मान्य. पण आधी गाव आपल्याशी बोलतं, मग गावाचं बोलणं आपल्या डोक्यात बिऱ्हाड करतं. शूद्राचं नाव किळस यावी असं ठेवा, हे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलंय. आपल्या आज्या-पणज्यांत कचरू, धोंडू, दगडू किती होते ते मोजा. त्या हाकेला ओ देता देता माणूस स्वतःलाही तसाच हाक मारायला लागतो. आतला आवाज म्हणतात तो पुष्कळदा पाटलाचाच असतो.

म्हणून मला दया पवारांचं 'बलुतं' महत्त्वाचं वाटतं. १९७८ साली ग्रंथालीनं ते काढलं. त्याची मांडणी बघा. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो, आणि ऐकणारा कोण? दया पवार. म्हणजे एकच माणूस. शिकलेला, नोकरी करणारा, कवी म्हणून नाव झालेला दया, आणि महारवाड्यातला दगडू. लेखकानं दगडूला गप्प बसवलं नाही. बोल बाबा, म्हणून त्याला समोर बसवलं. भूक, लाज, घरातली भांडणं, सगळं ऐकून घेतलं. तेव्हा आपल्यातल्याच काही शिकलेल्या लोकांना राग आला. ही घाण चारचौघांत कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं ते दगडूलाच घाबरले होते.

आता शास्त्र काय म्हणतं तेही ऐका. २००९ साली कॅनडातल्या जोआन वूड आणि त्यांच्या सोबत्यांनी तपासून पाहिलं. ज्यांना स्वतःबद्दल मुळात कमी वाटतं, त्यांना स्वतःविषयीचं गोड वाक्य घोकायला लावलं तर त्यांना आणखीच वाईट वाटलं. खोट्या वाक्याला आतला माणूस फसत नाही. २०१४ साली अमेरिकेत ईथन क्रॉस आणि त्यांच्या सोबत्यांना दिसलं, की अडचणीच्या वेळी 'मी' न म्हणता स्वतःला नावानं हाक मारून बोललं, तर माणूस जास्त सावरतो. दयानं दगडूला नावानं समोर बसवलं ते त्याच्या कितीतरी वर्षं आधी. दोन्ही गोष्टी एकच असं मी म्हणत नाही, पण वाट जवळची आहे.

मग चांगलं बोलायचंच नाही काय? बोलायचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. त्या 'मी'च्या भाषेत आहेत, ज्यानं त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायच्या. त्यांचा क्रम बघा. पहिल्या आठही नकाराच्या. हे मानणार नाही, ते करणार नाही. समतेचा होकार येतो नवव्या प्रतिज्ञेत. आधी डोक्यातला भाडेकरू बाहेर काढायचा, मग घर आपलं. आणि म्हणणारा एकटा आरशासमोर नव्हता, लाखोंच्या गर्दीत उभा होता. शेजारचाही तेच म्हणत होता. त्या वाक्यांना वजन आलं ते त्यामुळे.

ह्या मापानं आपल्या कविता मोजून बघा, दोस्तांनो. मी सूर्य, मी ज्वालामुखी, मी वादळ. पानापानावर सूर्य उगवतोय, आणि खाली वस्तीत नळाला पाणी नाही. ही ओळ लिहिणाऱ्याला रात्री झोपताना स्वतःशी काय बोलावंसं वाटतं, ते कवितेत कुठंच नाही. फी भरायला पैसे नाहीत, मुलाखतीत आडनाव विचारलं, खोली मिळाली नाही, हे सगळं त्या सूर्यानं झाकून टाकलं. हा आपला आरशापुढचा मंत्रच झाला, फक्त भाषा क्रांतीची.

सूर्य लिहा, माझी ना नाही. पण आधी तुमच्यातल्या दगडूला बसायला जागा द्या. त्याचं ऐकून झाल्यावर जे 'मी' म्हणाल, ते खरं असेल.

जय भीम.