'आडवी बाटली' आणि टक्केवारीचा छेद

लोकांच्या पुढाकारातून होणारं मतदान हा विषय संशोधनासाठी घेतलात, की दोन पुस्तकं वाचावीच लागतात. डॅनियल स्मिथ आणि कॅरोलाइन टॉलबर्ट यांचं 'एज्युकेटेड बाय इनिशिएटिव्ह' (2004) म्हणतं की अमेरिकेच्या ज्या राज्यांत लोक सह्या गोळा करून प्रश्न थेट मतपत्रिकेवर आणतात, तिथं मतदान वाढतं आणि राजकारणातला रसही. जोशुआ डाइक आणि एडवर्ड लॅशर यांचं 'इनिशिएटिव्ज विदाउट एंगेजमेंट' (2019) म्हणतं की हा दावा टिकत नाही.

वाद चांगलाय. पण या वादातलं एक मुख्य माप, म्हणजे मतदानाची टक्केवारी, आपल्याकडे जसंच्या तसं उचललं तर फसाल.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे 'उभी बाटली, आडवी बाटली'. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे. इथंच सगळी मेख आहे.

एक काल्पनिक गणित करा. यादीत 400 बायका. 220 जणींनी मत दिलं. 190 आडवी, 30 उभी. दिलेल्या मतांपैकी 86 टक्के आडवी, तरी दुकान चालूच, कारण हवी होती 201. म्हणजे न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली गेली. लोहाऱ्यासारख्या, यवतमाळ शहराला लागून असलेल्या ठिकाणी हे डोळ्यांपुढं आणा. सासरी गेलेली लेक, कामासाठी पुण्याला गेलेली सून, वारलेली आजी. यादीतून नाव कमी झालं नसेल, तर तिघीही दुकानाच्या कामी येतात. विरोधकाला कुणाचं मन वळवायची गरज नाही. बायका घरी राहिल्या की झालं!

म्हणून '55 टक्केच मतदान, सहभाग कमी' असं लिहिलंत, तर नियमाचा दोष तुम्ही बायकांच्या माथी मारलात. शिवाय त्यांचा सहभाग मतदानाच्या दिवशी सुरू होत नाही. सही गुप्त नसते. ज्या गल्लीत राहायचं तिथंच, नावानिशी, दुकानाविरुद्ध उभं राहावं लागतं. टक्केवारीत हे धाडस कुठंच दिसत नाही.

दुसरी मर्यादाही लक्षात ठेवा. कॅलिफोर्नियात 1911 पासून लोक स्वतः कायद्याचा मसुदा मतदानाला ठेवू शकतात. इथं प्रश्न फक्त परवान्याच्या दुकानाचा. यवतमाळ जिल्हा दारूबंदीची मागणी 'स्वामिनी'च्या बायकांनी वर्षानुवर्षं लावून धरली, पण तो निर्णय सरकारच्या हातात. शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये मंत्रिमंडळानं उठवली. दोन्ही वेळा मतपेटी नव्हती.

तेव्हा आराखडा लिहिताना तीन आकडे वेगळे ठेवा: सह्या किती, मतं किती, आणि यादीत प्रत्यक्ष गावात राहणाऱ्या किती. तिसरा आकडा तहसीलमध्ये मिळणार नाही. त्यासाठी मतदार यादी हातात घेऊन घरोघर फिरावं लागेल.