संभाषणाची नोंद : टोरोंटो नगराच्या रदबदली-नियमांचे परीक्षण

टोरोंटो नगराच्या नियमसंहितेचे १४० वे प्रकरण हे ‘लॉबिइंग’चे नियमन करणारे प्रकरण होय. नगरसभेने ते २००७ साली संमत केले व २००८ पासून ते अमलात आले. भ्रष्टाचाराच्या प्रतिबंधाचे एक साधन म्हणून या नियमांकडे पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि भाषेच्या अभ्यासकालाही त्यांत लक्ष घालण्याजोगे पुष्कळ आहे. कायदा सामान्यतः जमीन, पैसा, माल अशा मागे खूण ठेवणाऱ्या गोष्टींचे नियमन करतो. येथे त्याने प्रत्यक्ष बोलण्यालाच हात घातला आहे. कोणते बोलणे नोंदवावयाचे व कोणते सोडून द्यावयाचे, हे ठरविताना कायदेकारास संभाषणाची व्याख्या करावी लागते. ती व्याख्या कितपत टिकते, यावर नियमांचे यश अवलंबून आहे.

या नियमांमागे एक कटू अनुभव आहे. १९९९ साली नगराने संगणक भाड्याने घेण्याचा करार एम.एफ.पी. फायनान्शिअल सर्व्हिसेस या संस्थेशी केला. मंजुरी सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलरांची होती; प्रत्यक्ष बोजा जवळजवळ दुप्पट झाला. न्यायमूर्ती डेनिस बेलामी यांच्या चौकशीचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात २४१ शिफारशी असून लॉबिस्टांची नोंदवही ही त्यांपैकी एक महत्त्वाची शिफारस होय. पुढे २००६ च्या टोरोंटो नगर कायद्याने अशी नोंदवही ठेवणे या नगरास बंधनकारक केले. ऑन्टॅरिओ प्रांतातील इतर नगरांना मात्र ते ऐच्छिक आहे.

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट. मराठीत ‘लॉबी’ हा शब्द रुळला आहे, परंतु त्याचा अर्थ सरकला आहे. ‘साखर लॉबी’, ‘बिल्डर लॉबी’ असे आपण म्हणतो तेव्हा समान हितसंबंधांचा एक गट अभिप्रेत असतो; त्या गटाचा असा कोणी एक चेहरा नसतो. टोरोंटोच्या नियमांना गटाशी कर्तव्य नाही. त्यांना हवा आहे तो बोलणारा माणूस, त्याचे नाव, तो कोणासाठी बोलला ते, आणि विषय. या क्रियेला मराठीत जुना व नेमका शब्द आहे, तो ‘रदबदली’. दुसऱ्यासाठी शब्द टाकणे हा त्याचा गाभा. ‘दलाली’त केवळ मोबदल्याचा व ‘वशिल्या’त केवळ ओळखीचा भाव येतो. रदबदलीत मात्र बोलणारा, ऐकणारा आणि ज्याच्यासाठी बोलावयाचे तो, असे तिघेही गृहीत असतात.

आता व्याख्या पाहू. रदबदलीची ओळख कशावरून पटवावी? ऑन्टॅरिओच्या १९९८ च्या कायद्यात प्रभाव पाडण्याचा प्रयत्न ही कसोटी आहे. कॅनडाच्या केंद्रीय कायद्यातही ती होती. परंतु हेतू सिद्ध करणे कठीण जाते, हे अनुभवास आल्यावर २००३ च्या दुरुस्तीने ती काढण्यात आली. टोरोंटोने हा धडा घेतला. येथे हेतू विचारला जात नाही, विषय विचारला जातो : उपविधी, धोरण, खरेदी, कंत्राट, परवाना, अनुदान. या विषयांवर अधिकाराच्या जागी असलेल्या व्यक्तीशी केलेले बोलणे म्हणजे रदबदली. ‘मी केवळ माहिती दिली’ हा बचाव त्यामुळे लंगडा पडतो. माहिती देणे आणि मन वळविणे यांच्यातील सीमा वाक्यरचनेत कोठेच सापडत नाही, हे भाषाभ्यासकाला ठाऊक असलेले सत्य येथे कायद्याने मान्य केले आहे. हे या नियमांचे सर्वांत मोठे यश होय.

दुर्दैवाने एका दाराने घालविलेला हेतू दुसऱ्या दाराने परत येतो. ‘संभाषण’ या संज्ञेच्या व्याख्येत पत्र, दूरध्वनी, बैठक यांच्याबरोबर अनौपचारिक प्रसंगीचे बोलणेही घेतले आहे, हे स्तुत्य आहे. पण ते बोलणे अर्थपूर्ण असावे आणि त्याने विषय वस्तुतः पुढे सरकावा, अशी विशेषणे त्याला जोडली आहेत. विषय पुढे सरकला की नाही, हे प्रथम कोण ठरविणार? बोलणाराच. एम.एफ.पी. प्रकरणात हॉकीचे सामने, गोल्फ व भोजने यांतून अधिकाऱ्यांशी जी जवळीक साधली गेली, तिच्यातील एकेक वाक्य वेगळे काढले असता निरुपद्रवीच ठरावे. ओळख वाढविणाऱ्या अशा बोलण्याने विषय तत्क्षणी पुढे सरकत नाही, परंतु पुढच्या वाक्याची वाट मोकळी होते. लॉबिस्टांनी भेटवस्तू व भोजने देऊ नयेत आणि कार्यसिद्धीवर अवलंबून मोबदला घेऊ नये, असे निर्बंध घालून नियमांनी ही उणीव काहीशी भरून काढली आहे. पण ते औषध निराळ्या ठिकाणी लावलेले आहे. व्याख्येतील भेग तशीच राहते.

कोणाला वगळावे, याबाबत मात्र नियमकर्त्यांची दृष्टी स्वच्छ आहे. मतदाराने आपल्या नगरसभासदाशी वस्तीच्या वा सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नावर बोलणे हे रदबदलीत मोडत नाही. तसे नसते तर गल्लीतील दिव्याची तक्रार करणाऱ्यालाही नोंदवहीपुढे उभे राहावे लागले असते, आणि नियमांनी नागरिकाचेच तोंड बंद केले असते. उलट, नफ्याच्या संस्थेसाठी विनामोबदला शब्द टाकणारासही नोंदणी चुकत नाही. अर्थात कसोटी केवळ पैशाची नसून, वाक्य कोणाच्या वतीने उच्चारले गेले, ही आहे. अर्व्हिंग गॉफमन यांनी शब्द उच्चारणारा आणि त्या शब्दांचा खरा धनी यांत जो भेद केला, तोच येथे व्यवहारात उतरलेला दिसतो.

शेवटचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. संभाषण दोघांचे असते. नोंद मात्र एकाचीच. बोलणाराने आधी नाव नोंदवावे व प्रत्येक भेट ठरलेल्या मुदतीत कळवावी. ऐकणाराकडून अपेक्षा एवढीच, की नोंदणी नसलेल्याशी त्याने जाणूनबुजून असा संवाद करू नये. परिणामी जे बोलणे बोलणाराने नोंदविले नाही, त्याचा मागमूस नोंदवहीत राहत नाही. सॅन फ्रान्सिस्को नगरात महापौर व खातेप्रमुख यांना आपल्या भेटींची दैनंदिनी ठेवावी लागते आणि ती मागणाऱ्यास दाखवावी लागते. टोरोंटोच्या नोंदवहीला अशा दुसऱ्या बाजूच्या नोंदीची जोड मिळाली, तर दोन लेख शेजारी ठेवून तिसऱ्या माणसाला ते ताडून पाहता येतील. मग ‘अर्थपूर्ण’ कशाला म्हणावे, याचा निर्णय एकट्या बोलणाऱ्याच्या हाती राहणार नाही.

या प्रकरणाने दाराआडचे बोलणे प्रथमच लेखात आणले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. ज्या नगरांना पुढे असे नियम करावयाचे असतील, त्यांनी त्यातील विषयाची कसोटी अवश्य घ्यावी, विशेषणे वगळावीत, आणि नोंदवहीचे एक पान ऐकणाऱ्यासाठी राखून ठेवावे.